बरगड्या: खऱ्या, खोट्या, तरंगत्या, आणि तेवढ्यावर का भागत नाही

अस्थिपंजर

मी ॲनाटॉमी शिकवते, फर्स्ट इयरच्या मुलांना. दर बॅचला बरगड्यांच्या वेळी तेच होतं. पहिल्या ७ खऱ्या, पुढच्या ३ खोट्या, शेवटच्या २ तरंगत्या हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि बोन सेटमधली एक सुटी बरगडी हातात दिली की ही कितवी, डावी का उजवी, पुढचं टोक कुठलं, सगळे गप्प. यात मुलांचा दोष नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ही ७-३-२ ची वाटणी बरगडीच्या पुढच्या टोकाला काय होतं यावर केलेली आहे, पुढच्या टोकाला असते कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक असा भाग, कार्टिलेज), आणि सुक्या हाडावर कूर्चा शिल्लकच नसते. म्हणजे ज्याच्यावरून ओळखायचं तेच हातात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, मोठं होईल, पण प्रश्न असतील तर खाली विचाराच.

आधी पुढचं टोक. बरगडीचं हाड छातीच्या मधल्या हाडापर्यंत, म्हणजे स्टर्नमपर्यंत, पोचतच नाही, शेवटचा टप्पा कूर्चेचा असतो. १ ते ७ ची कूर्चा ज्याची त्याची थेट स्टर्नमला लागते, म्हणून त्या खऱ्या. ८, ९, १० ची कूर्चा स्टर्नमला न जाता वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळते, पोटाच्या वर दोन्ही बाजूंना जी कमान हाताला लागते ती यातूनच झालेली. ११ आणि १२ ची टोकं पोटाच्या स्नायूंमध्ये सुटी. यात माणसामाणसात फरक असतो बरं का, काहींची आठवीसुद्धा स्टर्नमपर्यंत जाते आणि काहींची दहावी अकरावीसारखी मोकळी राहते.

आता मागचं टोक, आणि माझ्या मते खरी ओळख इथे आहे. मागे बरगडीला डोकं असतं, मग मान, मग एक छोटा उंचवटा ज्याला ट्युबरकल म्हणतात, त्यानंतर हाड जिथे वळून पुढे निघतं तो कोन, आणि पुढे लांब दांडा. डोक्यावर सांध्याचे दोन गुळगुळीत भाग असतात, खालचा मोठा तो छातीमागच्या मणक्यांपैकी आपल्याच नंबरच्या मणक्याला लागतो आणि वरचा छोटा तो एक नंबर वरच्या मणक्याला. म्हणजे पाचवी बरगडी पाचव्या आणि चौथ्या अशा दोन्ही मणक्यांना धरते, शिवाय ट्युबरकल पाचव्या मणक्याच्या आडव्या काट्याला टेकतं. असं सगळं ज्यांच्यात सापडतं त्या ३ ते ९, यांना टिपिकल म्हणतात. उरलेल्या १, २, १०, ११, १२ या अटिपिकल, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास याच समोर येतात. १०, ११, १२ च्या डोक्यावर सांध्याचा एकच भाग असतो (पहिलीलाही एकच), ११ आणि १२ ला मान नाही ट्युबरकल नाही, १२ ला तर कोनही नाही.

दोन्ही वाटण्या बरोबरच आहेत, पण त्या दोन वेगळ्या टोकांच्या आहेत. मुलं त्या एकाखाली एक पाठ करतात आणि मग नववी बरगडी टिपिकल आहे का खोटी असा प्रश्न पडतो. ती दोन्ही आहे, मागून टिपिकल आणि पुढून खोटी.

---

रानफूल

ताई किती दिवसांनी असं काहीतरी वाचलं! मी फिजिओ फर्स्ट इयर. आमच्या रूमवर सीनियर्सकडून आलेला बोन सेट आहे त्यात एका डब्यात सगळ्या बरगड्या मिसळल्यात आणि बाजू ओळखायला जाम गोंधळ होतो. साइड कशी ठरवायची ते सांगा ना प्लीज, परीक्षेला स्पॉटिंगला (समोर ठेवलेलं हाड ओळखायला) येतंच.

---

अस्थिपंजर

रानफूल, तीन गोष्टी बघायच्या आणि त्याच क्रमाने. डोकं असलेलं टोक मागे, तुमच्या पाठीकडे. मग बाक बघा, पोकळ बाजू आत, शरीराकडे. मग कडा. दांड्याच्या आतल्या बाजूला एका कडेला लागून लांब खोबण असते ती कॉस्टल ग्रूव्ह, ती कड खाली. हे तिन्ही एकदम जुळवून बरगडी स्वतःच्या छातीला लावून बघा, ती एकाच बाजूला बसेल. खोबण मागच्या भागात चांगली स्पष्ट असते, पुढे जाता जाता पुसट होते, म्हणून शोधायला कोनाजवळून सुरुवात करा.

टिपिकल बरगडी टेबलावर खालच्या कडेवर ठेवली तर मागचं टोक वर उचललेलं राहतं, कारण तिला बाकाबरोबर पीळही असतो. दुसरीला हा पीळ नसतो.

पहिली तर बघताक्षणी वेगळी कळते. आखूड, रुंद, सगळ्यात जास्त वाकलेली, आणि बाकीच्या बरगड्यांना आत-बाहेर अशा बाजू असतात तर हिला वर-खाली आहेत. वरच्या बाजूला दोन उथळ खाचा आणि त्यांच्यामध्ये एक बारीकसा उंचवटा, तिथे मानेतून येणारा स्केलिनस अँटिरियर हा स्नायू लागतो. पुढच्या खाचेतून हाताची मोठी शीर जाते आणि मागच्या खाचेतून धमनी, धमनीच्या मागोमाग हाताकडे जाणाऱ्या नसांचा (नर्व्हजचा) खालचा गठ्ठा. एवढ्याशा हाडावरून हाताचं सगळं रक्त आणि बरीच संवेदना जाते, म्हणून मी मुलांना ती नेहमी स्वतः हातात घेऊन बघायला लावते, नुसत्या चित्रावर सोडत नाही.

---

रानफूल

बघितलं आत्ता!! एक आखूड आहे, ट्युबरकल नाही, पुढचं टोक निमुळतं. ११ की १२?

---

अस्थिपंजर

लांबीवर जाऊ नका, बारावी काहींची बरीच लांब असते आणि काहींची अगदी बोटभर. कोन आणि खोबण बघा. अकरावीला दोन्ही हलकेसे का होईना असतात, बारावीला दोन्ही नसतात.

---

रानफूल

हलका कोन आहे. म्हणजे अकरावी. थँक्यू ताई, बाकीच्या डब्याला बसते आता.

---

माणदेशी

माझा प्रश्न थोडा वेगळाय. मागच्या महिन्यात वडील गाडीवरून पडले, उजवीकडच्या ६, ७, ८ बरगड्यांना फ्रॅक्चर. डॉक्टरांनी प्लास्टर नाही काही नाही, फक्त गोळ्या आणि ते तीन बॉलचं फुंकणी यंत्र दिलं. गावाकडचे सगळे म्हणतायत पट्टा आवळून बांधा म्हणजे हाड बसेल, आई पण रोज तेच म्हणते. हे खरंय का? मोडलेलं हाड नुसतं सोडून देतात का असं?

---

ओपीडीतला

मी उत्तर देतो, सर्जरीत काम करतो. माणदेशी, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. बरगडीला प्लास्टर करता येत नाही कारण श्वास थांबवता येत नाही. आवळून पट्टा बांधायची पद्धत पूर्वी होती, आता नको म्हणतात, पट्ट्याने दुखणं जरा कमी वाटतं पण छाती पूर्ण फुलत नाही, कफ साचतो आणि वयस्कर माणसाला न्यूमोनिया होतो. मोडक्या बरगडीपेक्षा तो जास्त घातक. म्हणून आधी दुखणं नीट कमी करायचं, म्हणजे माणूस मोठा श्वास घेतो आणि खोकतो, आणि ते बॉलचं यंत्र त्याच्याचसाठी आहे. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, श्वास आत घ्यायचा आणि बॉल वर ठेवायचे, हे वडील बरोबर करतायत का ते एकदा बघा, कारण निम्मे पेशंट उलटं करतात. साधारण सहा आठवड्यांत हाड जुळतं, दुखणं त्यानंतरही थोडं रेंगाळू शकतं. ताप आला, धाप वाढली किंवा कफात रक्त आलं तर लगेच परत दाखवा.

कितवी बरगडी मोडली यालाही फार अर्थ असतो. मधल्या, ४ ते ९, जास्त मोडतात. १ आणि २ गळपट्टीच्या हाडाखाली (कॉलरबोनखाली) लपलेल्या असतात त्यामुळे त्या मोडल्या म्हणजे मार जबरदस्त होता असं धरून आम्ही मोठ्या रक्तवाहिन्या तपासतो. खालच्या मोडल्या तर उजवीकडे लिव्हर आणि डावीकडे प्लीहा, कारण हे दोन्ही अवयव पोटात असले तरी बरगड्यांच्या आडच बसलेले असतात. वडिलांची उजवी आठवी मोडलीय, त्यामुळे पोटाची सोनोग्राफी झाली असणारच.

लागोपाठ ३ किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर मात्र मधला तुकडा सुटा होतो, श्वास घेताना छाती वर येते आणि तो तुकडा आत जातो, सोडताना उलट. त्याला फ्लेल चेस्ट म्हणतात आणि ती इमर्जन्सी आहे.

---

माणदेशी

हो सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल होतं. आणि तुम्ही म्हणता तसंच, ते फुंकतच होते! आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, पट्टा ठेवला कपाटात. आभारी आहे डॉक्टर.

---

चहाबाज

ओपीडीतला साहेब, एक विचारू का, माझ्या मामाच्या छातीत पाणी झालेलं तेव्हा बगलेखालून नळी टाकली होती. बरगड्यांमधून नळी घालताना नेमकी जागा कशी कळते, रक्तवाहिनी फुटत नाही का?

---

ओपीडीतला

अस्थिपंजर ताईंनी वर खोबण सांगितली ना, तिचं महत्त्व इथेच आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या खोबणीत वरून खाली शीर, धमनी, नस अशी रांग असते. म्हणून दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत शिरायचं तर नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून शिरायचं, वरच्या बरगडीच्या पोटाशी जायचंच नाही. जागा बहुतेक वेळा बगलेच्या मध्यरेषेजवळ, पाचव्या फटीच्या आसपास, त्याच्या फार खाली गेलं की डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, आणि त्याच्याखाली लिव्हर. त्यामुळे नळी टाकण्याआधी बरगड्या मोजता येणं ही चैन नाही, ती गरज आहे.

---

सातारी_कंदी

मोजायच्या कुठून पण? मी ईसीजी टेक्निशियन आहे आणि नवीन मुलं गळपट्टीच्या खाली जी पहिली हाताला लागते ती पहिली धरून मोजतात, आणि मग छातीवर लावायचे सगळे लीड (ईसीजीच्या तारांची टोकं) एक घर खाली-वर होतात.

---

अस्थिपंजर

सातारी_कंदी, अगदी मोलाचा मुद्दा. पहिली बरगडी गळपट्टीमागे असते, पुढून ती नीट हाताला लागत नाही, म्हणून तिच्यापासून मोजायचंच नाही. गळ्याच्या खळग्यात बोट ठेवा, तिथून सरळ खाली स्टर्नमवर सरका, साधारण दोन बोटं खाली एक आडवा कंगोरा लागतो. तिथे स्टर्नमचे वरचे दोन भाग कोनात जुळतात, त्याला स्टर्नल अँगल म्हणतात. त्या कंगोऱ्यावरून बोट बाजूला नेलं की जी बरगडी लागते ती दुसरी. तिच्याखालची फट दुसरी, कारण फटीला वरच्या बरगडीचा नंबर देतात. मग खाली उतरत जा, तिसरी, चौथी. ईसीजीचे व्ही १ आणि व्ही २ चौथ्या फटीत स्टर्नमच्या दोन्ही बाजूंना, व्ही ४ पाचव्या फटीत गळपट्टीच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेषेवर. खाली उतरताना थोडं बाहेरच्या बाजूने उतरा, स्टर्नमला चिकटून मोजलं तर खालच्या कूर्चा इतक्या जवळ येतात की फटी कळत नाहीत.

पाठीवर मोजायचं असेल तर हात खाली सोडून उभ्या माणसाच्या खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक सातव्या बरगडीवर येतं. खालून वर मोजायचा मोह टाळा. बारावी काहींची एवढी आखूड असते की ती हातालाच लागत नाही, मग अकरावीला बारावी समजून सगळं एकाने चुकतं. मुतखड्याच्या किंवा किडनीच्या ऑपरेशनला पाठीमागून शिरताना हे फार सांभाळावं लागतं कारण फुप्फुसाचं आवरण बाराव्या बरगडीच्या मागच्या भागाच्याही खाली उतरलेलं असतं.

---

निळा_समुद्र

वाचतोय. एक शंका, छातीच्या एक्सरेत बरगड्या दोनदा दिसतात, एक आडव्यासारख्या आणि एक तिरप्या. त्या कशा मोजायच्या?

---

ओपीडीतला

जास्त ठळक आणि आडव्याकडे झुकणाऱ्या त्या मागच्या, फिकट आणि खाली उतरणाऱ्या त्या पुढच्या. एकच बरगडी मागून पुढे येताना बरीच खाली उतरते म्हणून तसं दिसतं. पूर्ण श्वास घेऊन काढलेल्या एक्सरेत डायफ्रॅमच्या वर पुढच्या ५-६ आणि मागच्या ९-१० दिसायला पाहिजेत. कूर्चा मात्र एक्सरेत दिसत नाही, आणि बारीक तडेही बरेचदा सुटतात, त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणून पेशंटचं दुखणं खोटं ठरवू नये.

---

उंबरठा

मी श्वासाबद्दल भर घालते, फिजिओथेरपिस्ट आहे. बरगड्या तिरक्या उतरतात म्हणूनच छाती फुलते. वरच्या बरगड्या, साधारण २ ते ६, हापशाच्या दांड्यासारख्या हलतात, मागे टेकू आणि पुढचं टोक वर, म्हणून छाती पुढे येते. खालच्या, ७ ते १०, बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात आणि छाती रुंद होते. हे हातानेच कळतं, एक हात स्टर्नमवर आणि एक कुशीवर ठेवून मोठा श्वास घ्या. तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात, उचलायला जागाच नाही, त्यामुळे बाळ पोटाने श्वास घेतं. नव्या आया घाबरून येतात की पोट एवढं का हलतंय, पण शांत झोपलेल्या बाळाचं ते नॉर्मल असतं. श्वास घेताना बरगड्यांच्या फटी आत ओढल्या जात असतील तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टर.

---

पानगळ

मला भीतीपोटी विचारायचंय. दोन्ही बरगड्या जिथे मिळतात तिथे खाली मध्यभागी एक टणक गाठ लागतेय, दाबली की दुखते. हल्ली वजन कमी केलंय तेव्हापासून जाणवतेय. गुगल केल्यापासून झोप नाही.

---

अस्थिपंजर

पानगळ, तुम्ही सांगताय ती जागा झिफॉइडची आहे, स्टर्नमचं अगदी खालचं छोटं टोक. तरुणपणी ते कूर्चेचं असतं, वय वाढेल तसं त्याचं हाड होतं, आणि काहींचं पुढे वळलेलं असतं त्यामुळे वजन उतरलं की अचानक हाताला लागतं. बहुतेकांना तेच असतं. तरी एकदा डॉक्टरांचा हात तिथे लागू दे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तोवर सारखं दाबून बघू नका, दाबल्याने दुखायला लागतं.

---

पानगळ

फार बरं वाटलं. उद्याच जाऊन येते.

---

विहीरकाठ

माझ्या बहिणीला करंगळीत आणि शेजारच्या बोटात सतत मुंग्या, हात वर करून कपडे वाळत घातले की हात जड पडतो. एक्सरेत सर्व्हायकल रिब निघाली. १२ च्या जागी १३ बरगड्या? हे जन्मापासून असतं का?

---

ओपीडीतला

हो, जन्मापासूनच. मानेच्या सातव्या मणक्याला निघालेली जास्तीची बरगडी, कधी एका बाजूला कधी दोन्ही. ढोबळमानाने शंभर-दोनशे माणसांत एकाला असते, बायकांत थोडी जास्त, आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्सरेत सापडते. त्रास झाला तर पहिल्या बरगडीवरून जाणारी धमनी आणि नसांचा खालचा गठ्ठा तिच्यावर ताणला जातो, म्हणून मुंग्या नेमक्या करंगळीच्या बाजूला. आधी व्यायाम आणि बसण्या-उठण्यात बदल, बऱ्याच जणांचं तेवढ्यात भागतं. हाताची ताकद कमी होतेय किंवा बोटं गार-पांढरी पडतायत असं असेल तर उशीर नको, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना दाखवा.

---

औषधी_अंगण

बीएएमएस केलंय म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. चरकसंहितेत शरीराची हाडं ३६० आणि सुश्रुतसंहितेत ३०० सांगितलीत, आणि बरगड्यांच्या भागाची मोजणी ७२ येते. २४ च्या जागी ७२ बघून लोक सरळ चूक म्हणून मोकळे होतात. पण चरकात ती फोड दिलेली आहे, २४ बरगड्या, तितकीच स्थालकं आणि तितकीच अर्बुदं, म्हणजे सांध्याच्या खोबणी आणि उंचवटे वेगळे मोजलेत. सुश्रुतात एका बाजूला ३६ म्हणजे तेच ७२. अस्थिपंजर ताई म्हणतात ती मागच्या टोकाची रचना त्या लोकांच्या नजरेत भरली होती, मला याचं फार अप्रूप वाटतं.

---

अस्थिपंजर

औषधी_अंगण, हे मी उद्याच वर्गात सांगणार. मोजणी ७२ आहे म्हणजे मोजणाऱ्याने कशाला एक धरलंय ते आधी बघायचं, २४ × ३ हा हिशोब इतका चोख बसतो की तो नुसता अंदाज वाटत नाही.

---

चहाबाज

आणि ते बाईला पुरुषापेक्षा एक बरगडी जास्त असते म्हणतात ते? आमच्या ऑफिसात परवा यावरून पैज लागली.

---

अस्थिपंजर

दोघांनाही २४. बायबलमधल्या आदमच्या बरगडीच्या गोष्टीवरून युरोपात ती समजूत फार खोलवर होती, व्हेसालियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने १५४३ साली शवविच्छेदनाच्या आधारावर संख्या सारखीच असते हे छापलं. कमी-जास्त असेल तर ती वर सांगितलेली मानेची किंवा कमरेच्या पहिल्या मणक्याची जास्तीची बरगडी, नाहीतर बारावी नसणं, आणि हे स्त्री-पुरुष दोघांतही होतं.

---

शवागार

संख्या सारखी, पण फरक आहे. फॉरेन्सिकमध्ये काम करतो. अनोळखी मृतदेहाचं वय काढताना चौथ्या बरगडीचं पुढचं टोक, जिथे हाड संपून कूर्चा सुरू होते, ते आम्ही बारकाईने बघतो. १९८४ साली इश्जान या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पायऱ्या मांडल्या. पोरवयात ते टोक सपाट असतं, मग मध्ये खळगा पडायला लागतो, वय वाढेल तसा तो खोल आणि रुंद होतो, कडा आधी गोलसर असतात त्या पुढे पातळ, धारदार आणि वेड्यावाकड्या होतात, म्हातारपणी हाड हलकं आणि ठिसूळ लागतं. वर ताई म्हणाल्या की सुक्या हाडावर कूर्चा उरत नाही, पण ती जिथे जोडलेली होती ती जागा बरंच काही सांगून जाते.

---

चहाबाज

बापरे. आणि स्त्री-पुरुष फरक?

---

शवागार

तो कूर्चेत. वयाबरोबर बरगड्यांच्या कूर्चेत कॅल्शियम साठत जातं आणि मग ती एक्सरेत दिसायला लागते. पुरुषांत ते बहुतेक वेळा कूर्चेच्या वरच्या-खालच्या कडांनी साठतं, बायकांत मधोमध. शंभर टक्के नाही, त्यामुळे कटिराची (कमरेखालच्या पेल्व्हिसची) हाडं आणि कवटी मिळाली तर आधी तीच बघतो, पण फक्त छातीचा भाग हाती आला असेल तेव्हा एवढ्यावरूनही तपासाला दिशा मिळते.